झाडवाल्याचा आवाज

ईशानं मोबाइल टीव्हीला जोडला, ट्रेलर लावला आणि लगेच आवाज बंद केला.

बाहेर मल्हारगंजची गल्ली हॉर्न वाजवत होती. खोलीत मात्र ओढलेल्या पडद्यातून पिवळा उजेड झिरपत होता आणि सगळंच थोडं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. सोफ्याच्या एका टोकाला चौदा वर्षांची ईशा, दुसऱ्या टोकाला अंग चोरून अभिराम. तिच्या आईनं, संहितानं, त्याला लग्नाला होकार दिला होता, पण ईशाच्या मनात असेल तरच. ईशा अजून हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. आज संहिता मुद्दाम बाजारात गेली होती. ईशाची आजी, तिच्या वडिलांची आई, आतल्या खोलीत निजली होती.

चार अचाट माणसांच्या टोळीचा तो सिनेमा आता पुन्हा पहिल्यापासून, नव्या नटांना घेऊन येत होता. जुने भाग ईशा आणि तिचे बाबा, हृषीकेश, असेच बघत: आवाज बंद करून, सगळे संवाद स्वतःच म्हणत. वाऱ्यावर चालणाऱ्या दोघी बहिणी ईशाकडे. लांबचं ऐकणारा म्हातारा आणि पाठीवर झाडं उगवलेला धिप्पाड गडी बाबांकडे. बाबा गेले आणि ते दोघं मुके झाले.

"नवा कसा व्हावा असं वाटतं तुला?" अभिरामनं विचारलं.

"अंधारा नको. ऑनलाइन सगळे म्हणतायत, डार्क पाहिजे, सीरियस पाहिजे. कशाला यार? मागच्या पार्टमधे सगळे रडतच बसले होते." तिनं पाय सोफ्यावर घेतले. "थोडी मस्ती पाहिजे. मतलब, भांडू देत त्यांना, पण जेवायला तर सोबत बसले पाहिजेत ना."

अभिरामलाही अगदी हेच हवं होतं. सिनेमाचं राहू द्या, या घरात.

टीव्हीवर ढगांमधून एक घर तरंगत आलं. खिडक्यांमधून वेली लोंबत होत्या. थोरली बहीण वाऱ्यावरून झोपलेल्या झाडवाल्याजवळ उतरली आणि भावाला हाक मारावी तसे तिचे ओठ हलले.

"उठ ना भिया," ईशा म्हणाली, "पोहे थंड होतायत."

झाडवाल्यानं तोंड उघडलं. अभिराम याच घडीची वाट बघत होता. संहिताकडून हृषीकेशचा असे संवाद म्हणतानाचा एक जुना व्हिडिओ मागून घेऊन त्यानं पोलोग्राउंडच्या आपल्या वर्कशॉपमधे, मशिनं बंद असताना, त्याच्या बोलण्याची नाकातली रेंगाळती लकब घोटून घोटून बसवली होती.

"आलो रे बाबा, आलो."

हुबेहूब जमलं. तिथंच चुकलं.

ईशानं ट्रेलर थांबवला. झाडवाला अर्ध्या उघड्या तोंडानं तसाच राहिला. बिचाऱ्या अभिरामला वाटलं, आपल्या हातानं सगळं घालवलं.

"असं नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तो बाबांचा आवाज आहे. तो जुन्या पिक्चरमधेच राहू द्या."

"चुकलं माझं. वाटलं, तुला बरं वाटेल."

तो उठायच्या बेतात होता. मग तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि ट्रेलर सुरुवातीला नेला.

"यातला झाडवाला नवा आहे ना. तुमच्या आवाजात बोला."

"माझा आवाज म्हणजे, मशिनींच्या खडखडाटात ओरडून ओरडून भोंगा झालाय त्याचा."

"चालेल."

घर पुन्हा ढगांमधून तरंगत आलं. ईशानं पुन्हा पोहे खायला बोलावलं. झाडवाला जागा झाला, त्याच्या पाठीवरची पानं उजेडात भिरभिरली, आणि अभिरामनं मनाचा हिय्या करून गळा मोकळा सोडला.

"येतो, पण सेव आहे का वरून? बिना सेवचे मी खात नाही."

खिडकीची काच थरथरली. आतल्या खोलीत पलंग करकरला.

"ईशा, कोण बोलतंय गं एवढ्यानं?" आजीनं विचारलं.

अभिरामनं तोंडावर हात ठेवला. ईशानं टीव्हीवरची नजर काढली नाही.

"घरचेच आहेत, आजी. झोप तू."