मोठं वाचतं, छोट्याला अडतं

मामांची दृष्टी गेली तेव्हा भाचीने त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. बराचसा एका सोप्या स्क्रिप्टिंग भाषेत, आवाजाचा भाग तेवढा वेगासाठी सी भाषेत. प्रोग्रॅम एकेक परिच्छेद उचलायचा, त्याच्यापुरती मेमरीत जागा घ्यायचा, बोलून झालं की जागा सोडायचा. दोन महिने मामा जाडजूड निबंध ऐकत होते. मग त्यांनी नाटक लावलं आणि यंत्राची दातखीळ बसली.

"पहिल्याच संवादाला गप्प," मामा फोनवर म्हणाले. "नाटकाचं वावडं आहे का गं त्याला?"

तिने ऑफिसात तपासलं. तिची चाचणीची फाइल घडाघडा वाचली गेली. नाटकाची फाइल मागवून घेतली, तर प्रोग्रॅम धाडकन बंद. फाइलच खराब असणार, म्हणून तिने ती अर्धी कापली. बंद. पुन्हा अर्धी केली, तरी बंद. शेवटी फाइलमध्ये एकच शब्द उरला: "हो." त्यालाही बंद!

तिचं डोकं चक्रावलं. मेमरी कमी पडत असेल तर मोठ्याला पडायला हवी. एका अक्षराला कशी कमी पडेल? तिने "हो"च्या पुढे आणखी "हो" चिकटवत नेले. तीन-चार ओळी भरल्या आणि यंत्र आनंदाने हो-हो करायला लागलं. शेजारचे लोक वळून बघू लागले.

तिच्या टेबलामागे बसणारे दाढीवाले सी भाषेत मुरलेले होते. त्यांनी खुर्ची सरकवली.

"जागा कुणाकडून घेतेस?"

"स्क्रिप्टिंग भाषेसोबत येणाऱ्या तयार लायब्ररीकडून."

"आणि परत कुणाला देतेस?"

तिने ओळ दाखवली. तिथे जागा सोडणारं सी भाषेचं साधं फ्री हे फंक्शन होतं.

"घेतेस एकाकडून, देतेस दुसऱ्याला. छोटे तुकडे ही लायब्ररी स्वतःच्या साठ्यातून कापून देते. सीच्या फ्रीला त्यांचा पत्ताच नसतो, ते हात वर करतं आणि प्रोग्रॅम बंद पडतो. मोठे तुकडे मात्र लायब्ररी सीकडूनच आणते. म्हणून ते परत करताना तुझं निभावलं."

"म्हणजे मोठं बरोबर होतं?"

"तेही चूकच. फक्त उघडकीला येत नव्हती."

तिने फ्रीच्या जागी लायब्ररीचंच सोडण्याचं फंक्शन घातलं. "हो" वाचलं गेलं. तरी ती स्क्रीनकडे बघत राहिली. दोन महिने जे चाललं, ते चालायलाच नको होतं. मग आता चालतंय ते कशाच्या भरवशावर?

संध्याकाळी तिने मामांकडे जाऊन नवा प्रोग्रॅम बसवला.

"काय झालं होतं?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. मामा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"म्हणजे निबंध मला चुकून ऐकायला मिळाले?"

"तसंच काहीतरी."

"आणि आता नीट झालंय?"

"झालंय," ती म्हणाली आणि थबकली. "म्हणजे, झालं असावं."

मामांनी बटण दाबलं. नाटक सुरू झालं. "कोण?" "मी." "ये." "नको." प्रत्येक छोट्या संवादाला यंत्र थांबतंय का, एवढंच ती ऐकत होती. मध्येच मामा खो-खो हसत सुटले. विनोद काय होता, ते तिला कळलंच नाही.