अकरा पंचवीसची बादली

वाळूच्या गोणीवर ठेवलेला फोन थरथरत कडेकडे सरकत होता. कोटिंगचा माल चिकटू नये म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, आणि पिशवीतूनही नाव वाचता येत होतं — जानकी वहिनी. शेजारच्या. एकदा वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला... आणखी चार बोटं सरकला की खाली पडणार, ताज्या कोटिंगवर, असं अनंताला वाटलं. त्याच्या हातात दातेरी पट्टी होती, पायात ओल्या थरावर चालायचे खिळ्यांचे बूट होते, आणि समोर जमिनीवर नुकतीच ओतलेली राखाडी बादली पसरत होती. जोडीदार रतनने ती अकरा बावीसला कालवली होती. मालाचे दोन डबे एकत्र झाले की पंचवीस मिनिटं मिळतात. त्यानंतर माल पकडतो, मग तो पसरतही नाही आणि निघतही नाही.

"फोन बघ ना रे अन्या," रतन म्हणाला होता.

"बादली संपू दे."

फोन पडला नाही. कडेला येऊन थांबला.

अकरा शेहेचाळीसला अनंताने हातमोजे काढले आणि फोन लावला, तेव्हा कळलं. मासळी बाजारात सुगंधा खाली बसली आणि उठलीच नाही. सकाळी नवाला तिचा फोन आला होता — "बांगडे हाडू काय मांदेली?" — आणि तो म्हणाला होता, "काय गावात ता हाड." मिळाले ते बांगडे तिने घेतले. पिशवी जानकी वहिनींनी घरी आणून मोरीत ठेवली, आणि तिथे ती आहे हे तिसऱ्या दिवशी वासावरून लक्षात आलं.

आज, साडेदहा महिन्यांनी, तो ती बादली ओतलेल्याच खांबापाशी उकिडवा बसला होता. मुलुंडच्या मॉलची तिसऱ्या मजल्यावरची पार्किंग, खांब सी-सात. जेवणाच्या ताटाएवढे चार-पाच फुगे कोटिंगवर आलेले. त्याने एकावर अंगठा दाबला. फुगा बसला आणि कडेच्या चिरेतून पाणी आलं, थोडंसंच.

लोकांना वाटतं पार्किंगची जमीन म्हणजे जमीन. ते खालच्या मजल्याचं छप्पर असतं. वरून टायरचं पाणी, तेल, फिनाइल, सगळं स्लॅबमध्ये उतरतं, लोखंड गंजतं, आणि खाली उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर चुन्याचं पाणी ठिबकतं, रंग खाऊन टाकतं. म्हणून वर हे थर द्यायचे — प्रायमर, मग कोटिंग, त्यावर टायर घसरू नये म्हणून वाळू, पुन्हा कोटिंग. चोवीस वर्षं तो हेच करत आला होता, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि इकडे घाटकोपरपर्यंत, आणि कुठल्याही पार्किंगमध्ये गेला की गाड्यांकडे न बघता खाली बघायचा. सुगंधा हसायची. "लोक मॉलात जाऊन कपडे बघतत, आमचो माणूस जमीन बघता."

"काका, जरा येता?"

मॉलच्या देखभालीचं काम बघणाऱ्या श्वेता मॅडम. तिशीच्या असतील. बाजूला ठेकेदार अल्पेशभाई, ज्यांच्याकडे अनंता बावीस वर्षं होता. अल्पेशभाईंच्या हातात छापलेला कागद. इंग्रजी. अनंता अक्षरं लावू लागला तेवढ्यात श्वेता मॅडमनीच सांगितलं, हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसं.

"यात एवढंच आहे की काम चालू असताना कामगाराच्या घरी मृत्यू झाला, त्याला काम मधेच सोडून जावं लागलं, म्हणून या भागातला थर कच्चा राहिला. कोणी तुम्हाला दोष देत नाहीये काका. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं."

"सही मार," अल्पेशभाई म्हणाले. "परवा एक पॅच मारू. विषय खतम. दसऱ्याच्या आत पार्किंगचा डेक झकास."

"मी मधे सोडलं नव्हतं."

"अरे यार, कागदावर म्हणतोय. तुझ्या भल्यासाठी सांगतोय. तुझ्या नावावर चूक नको, म्हणून तर हे लिहिलंय."

अनंताने कागद हातात घेतला. चांगला जाड कागद होता, वर शिक्का मारायला जागा. आणि — हे कबूल करायलाच हवं — क्षणभर त्याला तो कागद हवासा वाटला. त्यात एक माणूस होता. त्याच्या बायकोच्या बातमीचा फोन आला आणि त्याने पट्टी फेकली, खिळ्यांचे बूट तसेच पायात, जिन्यावरून धावत सुटला. तो माणूस चांगला होता. तो कागद घरी नेऊन सुगंधाच्या फोटोखाली ठेवता आला असता. बाळाला, तिच्या भावाला, दाखवता आला असता. तेराव्याच्या दिवशी घाटकोपरला सगळ्या नातेवाइकांत बाळा म्हणाला होता, "भावजी, जानकी वहिनींनी चार फोन केले. एक नाय, दोन नाय. चार." आणि त्याची मुलगी दिशा ताडकन उठली होती. तेवीस वर्षांची पोर, रडून सुजलेले डोळे.

"मामा, मशीन चालू होतं तिथे! घासायचं मशीन! बाबांना ऐकू कसं येणार? तू गेलायस का कधी साइटवर?"

मशीनचं तिला कुणी सांगितलं? मी. हॉस्पिटलच्या बाकावर, तिने विचारायच्या आधीच. जीभ आपोआप वळली... मशीन आदल्याच दिवशी मजल्यावरून उतरवलं होतं. त्या दिवशी तिथे इतकी शांतता होती की फोनची थरथर वाळूत ऐकू येत होती.

आणि ती पोर तेव्हापासून ते मशीन घेऊन माझ्यासाठी भांडते आहे. मामाशी, आत्याशी, एकदा जानकी वहिनींशीसुद्धा.

हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं आहे, आणण्यापूर्वीच मृत, वेळ अकरा पंधरा. जानकी वहिनींचा पहिला फोन अकरा पंचवीसला. म्हणजे बादलीने काही बिघडलं नाही. किती जणांनी त्याला हे समजावलं — रतनने, डॉक्टरने, देवळातल्या भटजीने. बरोबर आहे. पण अकरा पंचवीसला मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की जानकी वहिनी कधी फोन करत नाहीत. आठ वर्षांत एकदाही नाही. आणि तरी माझा हात थांबला नाही. कडेपासून कडेपर्यंत, एकाच जाडीत, एकही लाट नाही... चार वेळा फोन वाजला आणि हाताने एकदाही चुकारपणा केला नाही. याचं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. पण तो हात थरथरला, असं आता कुणी लिहायचं नाही. ते चालणार नाही.

"रतन, पाती आण."

रतन पन्नाशीचा, दाढी पांढरी, माल कालवून कालवून नखं कायमची राखाडी झालेली. त्याने खिशातूनच पाती काढली. "शेठ," तो अल्पेशभाईंना म्हणाला, "सहीच पायजे तर माझी घ्या की. मला कुठे वाचता येतं? अंगठा मारतो, मग काय पण लिवा. रतनची सासू मेली म्हणून लिवा."

"तू गप बस रे."

"मेलीच आहे पण. खोटं नाय बोलत."

श्वेता मॅडमनी हसू दाबलं. अनंताने फुग्याच्या मधोमध पाती घातली, चार बाजूंनी कापलं आणि वीतभर तुकडा सोलून काढला. तो चामड्यासारखा निघाला. वरून कोरडा, वाळूचे दाणे घट्ट बसलेले, आणि खालची बाजू ओली.

"मॅडम, धरा. ओढा."

त्यांनी दोन बोटांनी धरला.

"तसं नाही. दोन्ही हातांनी. जोर लावा."

त्यांनी ओढला. तुकडा ताणला गेला, फाटला नाही. सोडल्यावर परत होता तसा झाला.

"कच्चा असता तर हाताला चिकटला असता. हा पूर्ण पिकलाय. पाणी खालून आलं, स्लॅबमधून." त्याने मान वळवून दाखवलं. दहा फुटांवर गाड्या धुणाऱ्यांचा कोपरा होता, पाइप चालू, साबणाचं पाणी उताराने इकडे येत होतं. "आम्ही कोटिंग केलं तेव्हा ते इथे, याच जागेवर होते. कामाच्या दोन दिवस आधी त्यांना उठवलं. दोन दिवसांत स्लॅब सुकतो होय?"

"अनंता," अल्पेशभाईंचा आवाज खाली आला. "बस झालं."

अनंताने फोन काढला. तो फोटो शोधावा लागला नाही. साडेदहा महिन्यांत कितीदा तिथे जाऊन आला होता. फोटोवरची सकाळी आठ बाराची वेळ आणि पुढे फोनच्या यादीतलं अकरा पंचवीस, अकरा सत्तावीस, अकरा बत्तीस, अकरा चाळीस. एकच सकाळ. फोटोत खांब सी-सात होता आणि त्याच्या पायाशी चारही बाजूंनी टेप मारलेला प्लॅस्टिकचा चौकोन. आदल्या दिवशी लावायचा आणि सकाळी बघायचा. आतून कोरडा असेल तर काम करायचं. या चौकोनाला आतून थेंब लागले होते, भाताच्या झाकणाला लागतात तसे.

"हे शेठना दाखवलं होतं. ते म्हणाले चालतं, दिवाळीला डेक उघडायचाय."

श्वेता मॅडम अल्पेशभाईंकडे बघू लागल्या. अल्पेशभाई खांबाकडे.

आता थांबला असता तरी चाललं असतं. सगळं शेठच्या अंगावर टाकून मोकळं होता आलं असतं. पण अनंताने श्वेता मॅडमकडून पेन घेतलं, वाळूच्या गोणीवर कागद ठेवला, इंग्रजी ओळींवर एक रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं.

'स्लॅबला ओल होती. फोटो आहे. मालकांना सांगितलं होतं. ओल माहीत असून माल मी टाकला. काम मधे सोडलं नाही. घरून फोन येत होता तरी शेवटची बादली पूर्ण केली.'

त्याखाली सही. मग तारीख.

अल्पेशभाईंनी वाचलं. मराठी त्यांना चांगलं वाचता येत होतं, मालाडच्या शाळेत शिकलेले. वाचून त्यांनी कागद परत गोणीवर ठेवला.

"बावीस वर्षं, अनंता."

"हो."

"त्या दिवशी माझ्या गाडीतून नेला तुला. स्वतः चालवत."

"हो. सीटवर माझ्या हाताचा राखाडी डाग आहे अजून."

"आहे." अल्पेशभाईंनी रुमालाने मान पुसली. "मी नाही काढला तो. पोरं म्हणाली पॉलिश करून घेऊ, नको बोललो." आणि मग एकदम, चिडून, "शेवटची ओळ कशाला लिहिलीस? कोणी विचारली होती? फोटो दाखवला तेवढा बस होता. ती ओळ का?"

अनंताने पेन श्वेता मॅडमना परत दिलं. उत्तर होतं, पण ते अल्पेशभाईंना द्यायचं नव्हतं.

श्वेता मॅडमनी कागदाचा फोटो काढला. "वरती दाखवावं लागेल," त्या म्हणाल्या. "स्लॅब सुकवायचा म्हणजे गाडी धुणाऱ्यांना बंद करावं लागेल. किती दिवस, काका?"

"तीन आठवडे. कमी नाही."

"ते ऐकणार नाहीत."

"मग फुगे येतील," अनंता म्हणाला. "कितीही पॅच मारा. मी मारणार नाही."

अल्पेशभाई जिन्याकडे गेले. उद्या ये किंवा येऊ नको, यातलं काहीच ते म्हणाले नाहीत.

दुपारी दिशाचा फोन आला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. त्या दिवसापासून तो सगळेच फोन पहिल्या रिंगला उचलतो, कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचेसुद्धा. हात भरलेले असले तरी.

"जेवलात?"

"जेवलो."

"वर्षश्राद्धाचं मामा विचारत होता, कुठे करायचं. मी सांगितलं आपल्याकडे. परत काही बोलला ना तो, तर मी आहे. तुम्ही गप बसा."

"दिशा."

"काय?"

गाड्या धुणाऱ्यांचा पाइप तेवढ्यात कुणीतरी बंद केला. डेकवर शांत झालं, त्या दिवशी होतं तसं. तिला पलीकडे त्याचा श्वास ऐकू जात असणार.

"काय झालं बाबा? बोला ना."

"घरी आलो की बोलतो. एक सांगायचंय."

"टेन्शनचं आहे का?"

"माझ्याबद्दलचं आहे."

"बरं," ती म्हणाली. "लवकर या."

आता ती भांडेल माझ्याशी. भांडू दे. बाळासारखंच म्हणेल, चार फोन, बाबा. म्हणू दे. हे मशीन तिच्या हातातून काढून घ्यायला हवं, ते माझं आहे, तिचं नाही. एवढ्याने मला माफ केलं जाईल असं मुळीच नाही, आणि माफी मागायला मी जात नाही. कागदावर जे लिहिलं तेच घरी सांगायचं, तेवढंच. अक्षर मोठं ठेवून... सुगंधा असती तर काय म्हणाली असती? हे विचारायची त्याला या महिन्यांत सवय लागली होती. आज त्याने ते विचारलं नाही. ती नाही. जे काय आहे ते आता मला एकट्याला माहीत असलं पाहिजे.

कामाची वेळ संपत आली तेव्हा त्याने सोललेली जागा फडक्याने पुसली. राखाडी कोटिंगच्या मधे वीतभर उघडं काँक्रीट. त्यावर प्लॅस्टिकचा चौकोन ठेवला, एका बाजूने टेप लावली, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथी बाजू रतनने दाबून धरली.

"उद्या तुला घेतील का रे कामावर?" रतनने विचारलं.

"माहीत नाही."

"मग हे बघणार कोण?"

"मी येऊन बघेन. कामावर असो नसो. पार्किंगमध्ये यायला कोण अडवतो?"

"गाडी लागते त्याला," रतन म्हणाला, आणि स्वतःच हसला.

अनंताने चारही कडांवरून अंगठा फिरवला. टेप नीट बसली होती. चौकोन अजून कोरडा, आरपार दिसणारा. स्लॅब ओलाच आहे, आणि मशीन चालू नव्हतं हे दिशाला सांगायचं राहिलं आहे.