चिठ्ठीला दहापैकी दहा

चौथी ‘ब’च्या बाई शेजारच्या वर्गातल्या एका बुटाच्या खोक्यावर जळत होत्या. खोकं साधंच, वर चीर पाडलेली. तास संपला की चौथी ‘अ’ची मुलं आज काय समजलं नाही ते चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, त्यात टाकायची, ‘अ’च्या बाई दुसऱ्या दिवशी तिथूनच शिकवायला सुरुवात करायच्या. एवढंच. पण मुख्याध्यापिका त्या खोक्याचं असं कौतुक करायच्या, जणू ते परीक्षेत पहिलं आलंय. लवकरच सगळ्या शिक्षकांना दाखवायला एक वर्ग निवडायचा होता, आणि तो कुठला हे सांगायला ज्योतिषी नको होता.

‘ब’च्या बाईंनी गमबुटांचं खोकं आणलं, म्हणजे मोठं. वर सोनेरी कागद. शिवाय त्यांनी पद्धतीत एक सुधारणा केली: चिठ्ठीवर नाव, हजेरी क्रमांक आणि चिठ्ठीला दहापैकी गुण.

पहिल्या दिवशी एकाने ‘अपूर्णांक समजले नाहीत’ असं लिहिलं. त्याला शून्य मिळालं. दुसऱ्या दिवसापासून चौतीसच्या चौतीस जणांना सगळं समजू लागलं. त्यात एकजण गैरहजर होता. त्यालाही समजलं होतं.

बाई गठ्ठा घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मुख्याध्यापिका वर्गात आल्या आणि त्यांनी विचारलं, एक छेद दोन मोठा की एक छेद चार? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, एक छेद चार. इतकी एकी त्या वर्गात प्रार्थनेलाही दिसली नव्हती.

“चिठ्ठ्यांना गुण कशाला दिलेत?” एवढंच विचारून त्या गेल्या.

मधल्या सुट्टीत ‘ब’च्या बाईंनी शेजारचं खोकं गुपचूप उघडलं. ‘भागाकारात बाकी उरते ती चूक असते का?’ ‘शून्याने गुणलं की आधीचा आकडा कुठे जातो?’ बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडच्या मुलांना किती सुंदर समजत नव्हतं! आणि आपल्या पदरी चौतीस सर्वज्ञ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, नाव नको, गुण नाहीत. वर्गाला यात काहीतरी काळंबेरं वाटलं.

“मग लिहायचं कशाला?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“उद्या काय शिकवायचं ते मला कळावं म्हणून.”

“म्हणजे तुम्हालाही कळत नाही?”

बाईंनी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. आवाज पलीकडे जाण्याइतकी ती पातळ होती. “नाही,” त्या म्हणाल्या.

तेहतीस चिठ्ठ्यांत पुन्हा सगळं समजलं होतं. चौतिसावी अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलेली होती: ‘दोनपेक्षा चार मोठे. मग खाली चार आले की अपूर्णांक लहान का? कोणीच विचारत नाही म्हणून मीपण नाही विचारलं.’

बाईंनी ती तीनदा वाचली आणि थेट ‘अ’च्या वर्गात जाऊन दाखवली. ‘अ’च्या बाई बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांचा चेहरा किंचित आंबट झाला.

“असली चिठ्ठी मला एकदाही आली नाही,” त्या म्हणाल्या. “एक दिवस ठेवू का माझ्याकडे?”

“नाही देत. उद्या मला यावरच शिकवायचंय,” ‘ब’च्या बाई म्हणाल्या, आणि मुलांना घड्या घालून अर्धा नि पाव भाग करून बघता यावा म्हणून कागदाच्या चौतीस सारख्या पट्ट्या कापायला निघून गेल्या.