दांगग्वेईचा वास मुरलेली हंडी

मी एक जुनी मातीची हंडी आहे, मित्रांनो. काळी, खरबरीत, एका बाजूचा कान तुटलेली. थाव नदीकाठच्या मातीतून कुंभाराने मला घडवलं आणि सिउचन लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात मला घरी घेऊन आली. तेव्हापासून माझ्यात मुख्यतः एकच गोष्ट शिजली, दांगग्वेईची मुळी.

आमच्या मिनश्यानच्या डोंगरउतारांवर घरोघरी हीच पिकते. पानगळीच्या दिवसांत ती उपटायची, जुड्या बांधून धुरावर सुकवायची आणि मग चकत्या करून मटणाबरोबर मंद आचेवर ठेवायची. तिच्या नावाचा अर्थच 'आता परतायला हवं' असा आहे. बाळंतिणीच्या अंगात रक्त भरावं म्हणून, पाळीत पोट दुखणाऱ्या मुलींसाठी, थंडीने आखडलेल्या म्हाताऱ्यांसाठी सिउचन माझ्यातला रस्सा वाढायची. गरोदर बाईला मात्र ती थेंबही देत नसे, आणि पोट बिघडलेल्यालाही नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या, "सिउचनच्या हंडीला हातगुण आहे." मी मनातून फुलून जायचे.

तिची एकुलती एक मुलगी श्वेयान दक्षिणेला, समुद्रकाठच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात गेली. नव्या वर्षाचा, सगळे घरी परतायचा वसंताचा सण यायचा, दारावर लाल कागद चिकटायचे, आणि तिचा फोन यायचा, यंदाही रजा नाही. दर पिकातली सर्वांत जाड मुळी सिउचन वेगळी टांगायची. "ही माझ्या यानची," म्हणायची. वर्ष सरलं की ती मुळी आळीतल्या कुणाच्या तरी पोटात जायची आणि तिथे नवी लागायची. मीही वाट पाहत होते. तिच्यासाठी कधी शिजवेन असं मला झालं होतं.

शेवटी ती आली. अंगावर मांस नव्हतं, सदऱ्याच्या गळ्यातून छातीवरचा लांब व्रण दिसत होता. तिच्या हृदयातली झडप बदलली होती आणि आईला तिने काहीच कळवलं नव्हतं. सिउचनने टांगलेली मुळी उतरवली, चकत्या केल्या आणि मला चुलीवर चढवलं.

रस्सा तयार झाला. वाटी भरली, तेव्हा श्वेयानने पिशवीतून गोळ्या काढल्या.

"आई, ह्या रोजच्या आहेत. रक्त पातळ ठेवतात. डॉक्टरांनी सांगितलंय, विचारल्याशिवाय कुठलंही झाडपाल्याचं औषध घ्यायचं नाही."

"हे औषध आहे होय? हे आपल्या शेतातलं आहे. तुझी आजी ह्याच्यावर उभी राहिली."

"माहीत आहे गं. मलाही प्यायचंय."

तिने वाटीकडे हात नेला. पण छातीवरचा व्रण पाहून सिउचननेच तो धरला. मग दारात जाऊन समोरच्या पाओकाकांना हाक मारली. ते मुळ्यांचे व्यापारी, औषधंही देत.

काकांनी गोळ्यांचं पाकीट वाचलं, वाटीचा वास घेतला. "झकास उतरलाय. पण हिला नको. गोळी रक्त गोठू देत नाही, मुळीही रक्त मोकळं करते. दोन्ही एकत्र झाली तर वाहिलेलं रक्त थांबायचं नाही."

"एक वाटी तरी?"

"अर्धीसुद्धा नाही. सिउचन, मी ही मुळी विकून म्हातारा झालो. हिचे गुण गावभर मीच सांगत फिरतो. म्हणून आज माझं ऐक."

"मग तुम्हीच प्या," असं म्हणून तिने वाटी त्यांच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

काका उभ्याउभ्याच प्यायले. "रडत पाजतेस, तरी गोड लागतोय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सिउचनने मला राखेने घासलं, पाणी उकळून ओतलं, नाक लावून पाहिलं. वास जाईना. इतक्या वर्षांची मुळी माझ्या अंगात मुरलेली. मग तिने बाजारातून स्टीलचं पातेलं आणलं आणि पोरीसाठी त्यात साधं मटण-बटाटा शिजू लागलं. मी खिडकीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण मित्रांनो, औषध कितीही आपलं असलं तरी ते सगळ्यांचं नसतं. मायेने वाढण्याआधी समोरच्याला विचारा, तू आणखी कोणतं औषध घेतोस. एवढं विचारायला राहून गेलं, तर मायेच्या वाटीनेही घात होतो.

परवा श्वेयान खिडकीशी आली आणि तिने माझं झाकण उचललं.

"आई, नुसता वास घेतला तर चालेल ना?"

सिउचन बटाटे सोलत होती. "घे," ती म्हणाली, "पोटभर घे."

श्वेयानने माझ्यात तोंड घातलं आणि डोळे मिटले. सिउचनच्या हातातली सुरी तशीच थांबली होती.