पायाळूची पाठ

मी आईच्या पोटातून पायांकडून आले, यात माझं कर्तृत्व काही नाही. पण लग्न होऊन चाकणला आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे अंबुबाईंनी, गावभर सांगितलं की आमची सुभद्रा पायाळू आहे. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

तेव्हापासून रोज सकाळी ओसरीवर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. कांद्याच्या बाजारातले हमाल, गाडीवान, बाळंतिणी. पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. तिथं खोदकामाला जाणारे गडीसुद्धा पाठ धरली की माझ्याच पायाखाली यायचे. मी डाव्या पायाचा अंगठा कमरेवर तीनदा टेकवायची. कुणी कण्हत उठायचं, कुणी हसत. बहुतेकांची उसण चार दिवसांत आपोआप उतरणारच असते, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

खरी अडचण पुढेच होती. वडीलधाऱ्याला पाय लावला की पाप लागतं, म्हणून लगेच त्याच्या पाया पडायचं, कपाळ अगदी पायाला टेकवून. पाय लावल्यानं माझं काही बिघडत नव्हतं. नमस्कारांनी मात्र माझी कंबर मोडली.

दुसऱ्या बाळंतपणानंतर एकदा भरली घागर उचलताना कळ आली ती डाव्या मांडीत उतरली. आठवड्यानं गेली आणि महिन्यानं परत आली. मग तिचं येणं-जाणं सुरूच झालं. हळूहळू मी तिची लक्षणं ओळखायला शिकले. वाकून काही उचललं की येते, चुलीपुढं फार वेळ बसलं की वाढते, चाललं की सैल होते. निजताना गुडघ्यांखाली वाकळ घेतली की डोळा लागतो. पण घरातली सगळी कामं जमिनीलगतची. चूल खाली, जातं खाली, केरसुणी आखूड. न वाकता संसार करायचा तर भिंतीवरच करावा लागेल.

शेजारची फरीदा एवढी एकच मला शहाणी भेटली. तिचा नवरा अकबर ट्रक दुरुस्त करायचा. तिचीही पाठ अशीच गेली होती, तर तो तिला सरळ खेडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी पाय ताठ उचलून बघितला, शीर दबल्याचं सांगितलं, काही दिवस फळीवर झोपवलं आणि मग पाठीचे व्यायाम शिकवले. घागर गुडघे मोडून, छातीशी धरून उचलायची, हे मला तिनंच दाखवलं. तुझी कळ पायात उतरते, अंगावर काढू नकोस, खेडला जा, असं ती बजावून सांगायची.

मला खेडला जायचं होतं, बाकी काही नको होतं. चाकणहून खेड काही काशी नव्हे. पण सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी दाराला कडी घालून मला समोर बसवलं.

"पायाळूची पाठ दुखत न्हाई," त्या म्हणाल्या.

"माझी दुखतीय, आत्याबाई."

"दुखती तर दुखू दे. त्वांडातनं काढायचं न्हाई."

पायाळूवर वीज पडते म्हणून पावसात त्या मला अंगणातही जाऊ देत नसत. कांद्याच्या पोत्याखाली मात्र खुशाल जाऊ देत. माझा नवरा ज्योतीराम आईपुढं मांजर. तरी त्यानं मला शब्द दिला, की सोमवारी मावशीकडं जातो असं सांगून निघू आणि खेडची एस्टी धरू. त्या सोमवारवर मी जगत होते.

रविवारी सकाळी आडते यशवंतराव आले. ज्योतीराम त्यांच्याकडेच कांदा तोलायला होता, त्यामुळे घरात नुसती धावपळ उडाली. ते पालथे झाले, मी अंगठा टेकवला. ते भिंतीला धरून उठले आणि बरं वाटतंय म्हणाले. मग मी नमस्काराला वाकले आणि कमरेत काहीतरी अडकलं. उठायला गेले तर उठता येईना. डोळ्यांपुढं फक्त त्यांच्या पायांची बोटं आणि सारवलेली जमीन.

माझी सून लई मर्यादेची, असं सासूबाई सांगत होत्या. यशवंतरावांनी खूश होऊन अष्टपुत्रा होण्याचा आशीर्वाद दिला. म्हणजे आणखी सहा बाळंतपणं, या कमरेवर! मला रडूही आलं आणि संतापही आला. ऊठ, पुरं झालं, असं ते दोनदा म्हणाले तेव्हा मी तशीच वाकून बोलले.

"मला उठता येत न्हाई. माझीच पाठ धरलीय. लई दिसांपासनं धरतीय."

त्या अवस्थेतही मला मोकळं वाटलं. आता पायाळूचं सोंग संपलं, आता मला खेडला जायला कोण अडवतं, असं वाटलं.

"म्हंजी आमची उसन ही पोर सोताच्या अंगावर घेती," यशवंतराव हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनीच मला हात जोडले.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आधी मला ते नाटक वाटलं. मग त्यांचा चेहरा दिसला. त्यांनाही ते खरं वाटत होतं, आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मला तशीच वाकलेली उचलून बाजेवर ठेवली. सोमवारी उजाडलं तर दारात माणसं मावत नव्हती. मी ज्योतीरामला एस्टीची आठवण करून दिली.

"खेडचीच मान्सं आलीत बाहीर," तो म्हणाला. "त्यांच्यादेखत तुला दवाखान्यात कशी न्यू?"

नमस्कार आता मला माफ होता. खाली कुणीतरी पालथं होऊन बाजेलगत सरकलं. माझा डावा पाय मला हलवता येत नव्हता, म्हणून सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या कमरेवर टेकवला. कळ टाचेपर्यंत गेली आणि मी ओरडले. ते ऐकून दारातल्या सगळ्यांनी हात जोडले.