पाठीवरची बटणपट्टी

लेकीने बापासाठी खोली तयार करून ठेवली होती. पलंग आला, पडदे लागले, आता फक्त बाप यायचा होता. मास्तर काही हलेनात. आधी म्हणाले, गुडघा दुखतोय, बरा झाला की येतो. मग म्हणाले, घर असं टाकून कसं येऊ. शेवटी लेक वैतागली. म्हणाली, आई गेल्यापासून तुम्ही त्या घरात दिवसभर भिंतीशी बोलत बसता. बाहेर जायला काही काम असतं, तर मी एक शब्द काढला नसता.

मास्तरांनी तो शब्द धरला. काम मिळालं तर इथेच राहू देशील का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मिळवून दाखवा. महिनाअखेरपर्यंत नाही मिळालं तर मुकाट्याने बॅग भरायची. त्या वयाच्या माणसाला कोण काम देणार, असं तिला वाटत होतं. खरं तर मास्तरांनाही तसंच वाटत होतं, पण ते बोलले नाहीत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापड कापणारे. एका मोठ्या शिवणकारखान्यात त्यांनी उभा जन्म टेबलाशी काढला. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून काम सोडलं. ती काही उठली नाही. वर्षं गेली आणि मग तीही गेली. तोवर कारखाना बंद पडला होता, आणि बसमध्ये चढलं की पोरी उठून मास्तरांना जागा द्यायला लागल्या होत्या.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक वर्ग चालायचा. वयामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे काम सुटलेली माणसं तिथे यायची आणि पुन्हा कामाला लागायची तयारी करायची. मास्तरांनी तिथे नाव घातलं. वर्ग घेणारी बाई लेकीपेक्षाही लहान होती, पण सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मास्तरही म्हणायला लागले. तिथे एक टेलिफोनवाली होती, पूर्वी टेलिफोनच्या ऑफिसात लाइनी जोडून द्यायची. जिभेला हाड नाही अशी बाई. ती सोडली तर बाकीचे सगळे मास्तरांसारखेच, शेवटच्या खुर्चीकडे डोळा ठेवून येणारे.

ताई एकेकाला समोर बसवायची आणि आपण मालक असल्यासारखे प्रश्न विचारायची. मास्तरांची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

"कापता यायचं."

"यायचं, की येतं?"

मास्तर खाली बघत राहिले.

"ताई, लाइन बिझी आहे," टेलिफोनवाली मागून म्हणाली. "थोड्या वेळाने लावा."

सगळे हसले. मास्तरही हसले.

पुढे ताईने मधल्या वर्षांचं विचारलं. मास्तर म्हणाले, घरी होतो. घरी काय करत होतात, असं तिने विचारल्यावर ते समोरची वही सरळ करायला लागले. ताईला ते माहीत होतं, नाव घालताना दिलेल्या नंबरवर ती लेकीशी बोलली होती. तिने समजावलं की हा प्रश्न कुठेही गेलं तरी विचारतील, तेव्हा सरळ सांगून टाकायचं, बायकोची सेवा करत होतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे. मास्तर म्हणाले, लाज नाही. पण तिचं आजारपण पुढे करून मला काम नको. ताईने विषय तिथेच सोडला.

तिने वेगळा रस्ता धरला. पुढच्या वेळी येताना तिने जुनी वर्तमानपत्रं आणि एक कातर आणली आणि म्हणाली, मला एक बाही कापून दाखवा. मास्तरांनी कातर बराच वेळ नुसती हातात धरली. बायको गेल्यापासून त्यांनी कातरीला हात लावला नव्हता. मग कापायला घेतली. पहिली बाही वाकडी गेली, दुसरी बरी आली. नंतर कॉलर कापली, काखेचा मुंढा कापला. टेलिफोनवालीने कागदाची बाही दंडावर चढवली आणि वर्गभर मिरवली. घरी जाताना मास्तरांचा अंगठा दुखत होता. हे दुखणं मात्र ओळखीचं होतं.

महिना संपत आला तेव्हा ताईने एक जागा शोधली. हॉटेलातल्या वेटरांचे कपडे शिवणारं छोटं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे लांब टेबल आणि मशिनी. मालक तरुण, सतत फोनवर. तो म्हणाला, एक दिवस येऊन काम करून बघू दे, मग ठरवू. निघताना ताईने एक वाक्य पाठ करून घेतलं. माझा माझ्या कामावर पूर्ण विश्वास आहे. हे मालकाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं.

मालकाने काहीच विचारलं नाही, त्यामुळे ते वाक्य तोंडातच राहिलं. त्याने पांढऱ्या कापडाचा गठ्ठा पुढे टाकला, शर्टाचं माप दिलं आणि पुन्हा फोन कानाला लावला. मास्तरांनी कापड दुमडून थरावर थर घातले, घडीवर घडी नीट जुळवली, खडूने रेघा मारल्या. पहिल्यांदा कातर त्यांनी अगदी हळू चालवली. पण पुढे कापड सरकायला लागलं तसे ते सगळं विसरले. जेवायच्या सुट्टीतही थांबले नाहीत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वेळ कसा गेला ते त्यांना कळलं नाही.

मशीनवर एक जाडजूड बाई बसायची. दुकानात सगळे तिला मामी म्हणत. तिने कापलेले तुकडे शिवायला घेतले, उलटे केले, सुलटे केले. मग मास्तरांकडे बघितलं.

"मास्तर, हे वेटर शर्टात शिरणार कुठून?"

मास्तरांनी तुकडा हातात घेतला. शर्टाचा पुढा, म्हणजे छातीकडचा भाग, अखंड होता. मधोमध दोन भाग केले होते ते पाठीचे, आणि बटणपट्टीला ठेवायचं जादा कापडही तिथेच ठेवलेलं. एक नाही, सगळेच्या सगळे तसे. शिकाऊ पोरालाही माहीत असतं की पाठ कापडाच्या घडीवर ठेवायची, म्हणजे ती अखंड निघते, आणि पुढा उघड्या बाजूला. मास्तरांनी नेमकं उलटं केलं होतं.

मालक आला, बघितलं आणि फोन ठेवला. हे काय, एवढंच म्हणाला.

मास्तरांनी टेबलाची कड धरली. घरी जायचं, बॅग भरायची, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. मग त्यांना कळलं की हात सवयीने कुठे गेला होता.

"माझी बायको झोपून असायची," ते म्हणाले. "उठवून बसवता यायचं नाही. तिचे सगळे कपडे मी असेच कापायचो. पाठीकडून उघडे. समोरून अंगावर घालायचे, पाठीखाली नुसते सारून द्यायचे. शेवटी शेवटी मी दुसरं काही कापलंच नाही."

मास्तरांनाच नवल वाटलं की हे आपण बोललो, आणि तेही परक्या माणसांसमोर.

मामी तुकडे चाळत होती. ती म्हणाली की फुकट काही जाणार नाही. पाठीला मधून शिवण मारता येईल, पुढा मधोमध उघडून वेगळी पट्टी लावता येईल. फक्त पाठीवर शिवण दिसेल. मालक म्हणाला, वेटरची पाठ बघतो कोण.

"हाक मारल्यावर तीच तर दिसते," मामी म्हणाली.

मालकाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याने खुर्ची ओढली, मास्तरांना बसवलं आणि स्वतः उभा राहिला. "मास्तर, झालं ते झालं. रेघा तुमच्या सरळ आहेत, मला दिसतंय. पण उद्या परत असंच झालं तर?"

ताईचं वाक्य मास्तरांना आठवलं. ते म्हणायची हीच वेळ होती. जन्मभर त्यांनी कापलेल्यावर कुणी तपासायला टेप धरली, तर ते अख्खा दिवस त्या माणसाशी बोलत नसत.

"होईल," ते म्हणाले. "सवय आहे, एका दिवसात जायची नाही. मी रेघा मारल्या की आधी मामींना बघू दे. त्या हो म्हणाल्या की मग कातर लावतो."

"म्हणजे मला दोन कामं," मामी म्हणाली.

"थोडे दिवस."

"थोडे दिवस म्हणून माझं लग्न लावून दिलं होतं," ती म्हणाली, आणि उठून टेबलापाशी आली. "मांडा बघू कापड."

मास्तरांनी नवं कापड मांडलं. मामीने चष्मा पुसला, घडी कुठे आहे ते बोटाने चाचपून बघितलं, पुढा बघितला, पाठ बघितली. घाई अजिबात केली नाही. मास्तर कातर हातात धरून शिकाऊ पोरासारखे उभे राहिले. ते उभं राहणं सोपं नव्हतं. मग ती हो म्हणाली.

संध्याकाळी मालक म्हणाला, उद्या या. कायमचं म्हणाला नाही, मास्तरांनीही विचारलं नाही.

घराच्या जिन्यात त्यांना दम लागला, म्हणून ते मधल्या पायरीवर बसले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. त्यांनी सगळं सांगितलं, चुकीसकट. मग तिने विचारलं, तुमचं काम दुसरं कुणी तपासणार, आणि ते तुम्ही चालवून घेतलं?

"मीच सांगितलं."

"मग आता?"

"उद्या सकाळी जायचंय."

लेकीने श्वास सोडला. बरं, म्हणाली. पण रविवारी जेवायला यायचंच, त्यात सबब चालणार नाही.

"रविवारी मी झोपणार आहे," मास्तर म्हणाले. "दमलोय ग मी."

ती म्हणाली, मग इथे येऊन झोपा. मास्तर बघू म्हणाले, फोन खिशात टाकला आणि कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढायला लागले.