चौथ्या मजल्यावरची डबी

विज्ञान इमारतीच्या तळघरात एक बॉयलर होता, हवा गार करणारा एक चिलर होता आणि दोन्हींतून निघून भिंतीभिंतींत शिरणारे पाइप होते. या सगळ्यावर ज्याचं राज्य चालायचं, त्याला अख्खं विद्यापीठ मामा म्हणायचं. कुलगुरूंपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचा मामा. खरी भाची मात्र एकच. ती मामाच्याच घरी लहानाची मोठी झाली होती आणि आता याच इमारतीत फिजिक्सच्या एम.एस्सी.ला होती. ही गोष्ट मामा दिवसातून चार वेळा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. गळका व्हॉल्व्ह दाखवायला आलेला माणूससुद्धा "आमची भाची वर तिसऱ्या मजल्यावर असते" हे ऐकल्याशिवाय सुटायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलवरून दोन प्राध्यापकांची जाम जुंपली होती. केमिस्ट्रीच्या सरांना बाराही महिने उकडायचं, फिजिक्सच्या बाईंना बाराही महिने थंडी वाजायची. विद्यार्थ्यांनी त्यांना उकाडेसर आणि गारठेबाई करून टाकलं होतं. खरी आडनावं दारावरच्या पाटीपुरती उरली होती. सरांची चिठ्ठी यायची, हॉल गार करा. तासाभरात बाईंची यायची, हॉल आहे की बर्फाचा कारखाना? जिने चढउतार करून मामाच्या गुडघ्यांनी हात टेकले.

शेवटी एका सकाळी त्याने भंगारातल्या यंत्राचा, तापमान ठरवायचा थर्मोस्टॅट शोधून काढला. तळहाताएवढी डबी, मध्ये गोल बटण, भोवती आकडे. ती पुसून लख्ख केली आणि हॉलच्या भिंतीवर चार स्क्रूंनी बसवली. बटण फिरवलं की झकास 'टिक्' वाजायचं. मागे वायर मात्र नव्हती, नुसती भिंत होती. "आता ज्याला जसं हवं तसं त्यानं करून घ्यावं," असं मामाने जाहीर केलं आणि खरं तापमान पूर्वीसारखंच तळघरातून, स्वतःच्या हाताने सांभाळत राहिला.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद. उकाडेसर यायचे, बटण डावीकडे फिरवायचे, टिक्, आणि "हां, आता कसं बरं वाटतंय" म्हणत बसायचे. गारठेबाई यायच्या, बटण उजवीकडे, टिक्, आणि पाच मिनिटांत त्यांच्या स्वेटरची बटणं सुटायची. मामाने सगळ्या हॉलला मामा बनवलं होतं, आणि वर भांडण मिटवणारा शहाणा माणूस म्हणून त्याचाच मान वाढला होता. तो मान त्याला आवडायचा. खोटं कशाला बोला, फार आवडायचा.

आणि यंदा गारठेबाईंनी भाचीला प्रोजेक्ट दिला तो नेमका त्या डबीचाच. बटण कितीवर ठेवलं की हॉलमधल्या माणसांना बरं वाटतं, हे शोधायचं. भाचीने हॉलमध्ये आठ तापमापक लावले. दर पाच मिनिटांनी नोंद. दारात कागद ठेवला: उकडतंय, ठीक आहे, थंडी वाजतेय, यातलं एक निवडा. हे कळलं तेव्हा मामा डबीचे चारही स्क्रू पुन्हा आवळून आला. पण पोर दोन-चार दिवस मोजेल आणि कंटाळेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपली भाची कशालाच कंटाळत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने आठ आठवडे मोजलं. तेवढ्यात थंडी सरली, उन्हं तापली, बॉयलर बंद होऊन चिलर सुरू झाला.

मग घोटाळा झाला. बटण फिरलं की माणसांची उत्तरं बदलत होती, तापमान मात्र ढिम्म हलत नव्हतं. गारठेबाईंनी कागद बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुझे तापमापक बिघडलेत. अगं, मी रोज माझ्या हातानं ते बटण फिरवते, मला कळणार नाही का? तापमापकांचे आकडे काढून टाक आणि उरलेलं मांड." चार दिवसांवर सादरीकरण होतं. सगळ्या विभागासमोर, आणि त्यावरच तिचं वर्ष ठरणार होतं.

दुपारी भाची डबा घेऊन तळघरात आली. मामाशेजारच्या स्टुलावर बसली, पण डबा काही उघडेना.

"मामा, चौथ्या मजल्यावरचा तो थर्मोस्टॅट खरंच जोडलेला आहे का रे?"

हातातला पाना मामाने उगाचच दोनदा पुसला. अकरा वर्षं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. सगळ्या जगापुढे लबाड ठरलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण हिच्यापुढे?

"म्हणजे काय! जोडलेला आहे. मीच तर जोडलाय."

"नक्की?"

"मामावर विश्वास नाही होय तुझा?"

ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, जणू चूक त्या हातांनीच केली होती. मग न जेवताच उठून गेली. मामाचाही डबा तसाच राहिला. आपली लाज झाकायला आपण पोरीला तिच्या खऱ्या आकड्यांवर संशय घ्यायला लावला, हे त्याला चांगलं कळत होतं. संध्याकाळी सांगू, म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, उद्या सांगू. अशा उद्या-उद्यात चारही दिवस गेले.

सादरीकरणाला मामा हवेच्या जाळ्या तपासायच्या निमित्ताने हॉलमध्ये शिरला आणि दारापाशी उभा राहिला. पुढच्या रांगेत गारठेबाई, त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून उकाडेसर. भाचीने पडद्यावर आलेख लावला. खाली बटणाची रेघ, वेडीवाकडी, दिवसातून दहादा वरखाली. वर तापमानाची रेघ, सरळसोट. आठ आठवडे चोवीस अंश, अर्ध्या अंशाचासुद्धा फरक नाही.

"तापमापक बिघडलेत असं बाईंना वाटलं," भाची म्हणाली. "म्हणून मी ते बर्फाच्या पाण्यात घालून तीनदा तपासले. आठही बरोबर आहेत. मग ज्यांच्याकडे हॉलचं काम आहे त्यांना विचारलं. ते म्हणाले, थर्मोस्टॅट जोडलेला आहे." तिने पडद्याकडे पाहिलं. "त्यांनी मला वाढवलंय. माझ्याशी ते कधी खोटं बोलले नाहीत. तरीही हे आकडे सांगतात की तो कशालाच जोडलेला नाही. आणि मी आकड्यांच्या बाजूनं आहे."

हॉलमध्ये एकच गलका उडाला. "काहीतरीच काय!" उकाडेसर उठून उभे राहिले. "आत्ताच मी वीसवर करून बसलोय आणि मला चांगलं गार वाटतंय!" पोरं हसली. भाची हसली नाही. पडद्याशेजारी ताठ उभी राहिली, एकटी.

मामाचा ऊर भरून आला. एवढ्याशा पोरीने बाईंना डावललं, सगळ्या हॉलच्या अंगाला जे वाटतं ते डावललं, आणि ज्या माणसाचं बोट धरून ती चालायला शिकली त्याचा शब्दही डावलला. कशासाठी, तर जे मोजलं त्यासाठी. त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, भिंतीपाशी गेला, चारही स्क्रू काढले आणि डबीची मागची बाजू सगळ्यांना दाखवली.

"वायर नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हती. ही डबी मीच लावली. या पोरीचे आकडे खरे आहेत, खोटा मी आहे."

गारठेबाई डबीकडे बघत राहिल्या. "मग इतकी वर्षं हा हॉल सांभाळत कोण होतं?"

"मीच. खालून."

बाई पडद्याकडे वळल्या. "उन्हाळा, हिवाळा, दोनशे माणसं, रिकामा हॉल... म्हणजे ही रेघ तुमची आहे, मामा?"

मामाने आपलं काम असं कधी पाहिलंच नव्हतं. पश्चिमेच्या खिडक्यांवर ऊन आलं की अर्धी फेरी उघडलेला व्हॉल्व्ह, बॉयलर बंद केला त्या दिवसाची ओढाताण, सगळं त्या एका रेघेत होतं आणि दिसत काहीच नव्हतं. त्याने नुसती मान हलवली.

"कुलसचिव या डबीबद्दल खुलासा मागतील तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. मग भाचीकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला आकडे काढून टाक म्हटलं होतं. नाही काढलेस, बरं केलंस."

हॉल रिकामा झाला तशी भाची मामासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले आणि नाकाचा शेंडा रागाने लाल.

"मामा, तू माझ्याशी खोटं बोललास."

"बोललो. चुकलं माझं."

"मी तुझं ऐकलं असतं तर?"

"पण नाही ना ऐकलंस!" मामा म्हणाला, आणि भर वर्गात पहिला नंबर पुकारावा तसा पुन्हा म्हणाला, "नाही ऐकलंस!"